मुठेच्या पाण्यामागे सहा दिवस

पहिला दिवस : खडकवासला ते मुंढवा

शनिवार पेठेतल्या आमच्या जुन्या वाड्यात, माजघराच्या भिंतीवर, आजोबांनी खिळ्याने एक आडवी रेघ कोरून ठेवली होती. १२ जुलै १९६१ रोजी बांधकाम पूर्ण न झालेले पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले आणि मुठेचे पाणी आमच्या माजघरात त्या रेघेपर्यंत चढले. ते पाणी कुठून आले, किती वाजता आले, कोणाचे ट्रंक आणि कोणाची भांडी कुठे सापडली, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ होते. ओसरल्यावर ते कुठे गेले, हे मात्र मला कोणी सांगितले नाही आणि मीही कधी विचारले नाही. पुढे बत्तीस वर्षे भूगोल शिकवताना ‘मुळा-मुठा ही भीमेची उपनदी आहे’ हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहिले, पण ती भीमेला नेमकी कुठे मिळते ते माझ्या डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. निवृत्तीनंतर ही उणीव भरून काढायचे ठरवले आणि जानेवारीच्या अखेरीस धाकट्या भावाला बरोबर घेऊन, त्याच्याच गाडीने, पाण्याच्या मागे निघाले.

सुरुवात खडकवासल्यापासून केली. एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या या दगडी धरणाच्या कामासाठी साहित्य पुरवण्याचा मक्ता जोतीराव फुले यांनी घेतला होता. कालव्याचे पाणी घ्यायला शेतकरी बिचकत होते, तेव्हा त्यांनी मांजरीला स्वतः त्या पाण्यावर शेती करून दाखवली. विश्वेश्वरय्यांनी आखलेले आपोआप उघडणारे दरवाजे १९०३ मध्ये पहिल्यांदा याच धरणावर बसवले गेले. धरणाच्या भिंतीखाली उभे राहिले की पाण्याच्या दोन वाटा दिसतात. एक वाट कालव्याची, जी शेतांना पाणी देत थेट इंदापूरच्या बाजूला जाते, आणि दुसरी नदीची. पावसाळा सोडला तर नदीच्या वाटेने धरणाचे पाणी फारसे जात नाही. ते नळांतून आमच्या घरांत येते आणि आम्ही वापरून झाल्यावर नाल्यांतून पात्रात उतरते. त्यामुळे शहरातली मुठा हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात बहुतांशी आमच्याच मोऱ्यांचे पाणी वाहून नेत असते. त्यातले काही शुद्ध होऊन येते, बरेचसे तसेच येते. नव्या अकरा शुद्धीकरण केंद्रांचा प्रकल्प मंजूर होऊन जवळपास दशक लोटले, पण पुलावर उभ्या राहणाऱ्या माणसाला नदीचा रंग आणि वास अजून तेच सांगतो.

विठ्ठलवाडीला थांबलो. ज्यांना पंढरपूरला जाणे जमत नाही असे हजारो पुणेकर आषाढीला या मुठाकाठच्या देवळात येतात. देवळामागून वाहणारे हेच पाणी पुढे खऱ्या पंढरपूरला जाणार आहे, हे त्या गर्दीत उभी असताना इतक्या वर्षांत माझ्या मनात एकदाही आले नव्हते. दुपारी संगमावर गेलो. मुळा येथे मुठेला मिळते. पेशव्यांच्या दरबारातल्या इंग्रज रेसिडेंटचे निवासस्थान याच टोकाला होते आणि ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, खडकीच्या लढाईच्या दिवशी, ते जाळले गेले. आज त्या परिसरात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि तिथली मुले नदीत होड्या वल्हवतात. बंडगार्डनच्या बंधाऱ्यावर थोडा वेळ काढून संध्याकाळी मुंढव्याला पोहोचलो, तेव्हा बंधाऱ्याखाली कपाशीच्या ढिगासारखा पांढरा फेस साचला होता. वाऱ्याने त्याचे गोळे सुटून काठावरच्या बाभळींना चिकटत होते. पुणेकरांची नदी साधारण इथे संपते. इथून पुढे आमच्यापैकी फारसे कोणी तिच्याबरोबर जात नाही.

दुसरा दिवस : तुळापूर आणि पारगाव

मुळा-मुठेचा काठ सकाळपुरता सोडून आम्ही नगर रस्त्याने तुळापूरला गेलो, कारण भीमा आधी भेटायला हवी होती. भीमाशंकरला उगम पावलेली भीमा इथे येते आणि तिला भामा व इंद्रायणी मिळतात. काठावर संगमेश्वराचे जुने मंदिर आहे. मराठी माणसाला तुळापूर ठाऊक आहे ते ११ मार्च १६८९ या तारखेने. छत्रपती संभाजी महाराजांना कोकणात ज्या गावी पकडले त्याचे नावही संगमेश्वर आणि जिथे त्यांची हत्या झाली त्या घाटावरचा देवही संगमेश्वरच. मंदिराच्या पायरीवर बसून हे मनात आले आणि बराच वेळ उठवेना. शाळेच्या सहलीची मुले आली होती. त्यांचे शिक्षक त्यांना तारीख पाठ करून घेत होते आणि मुले सुरात ती म्हणत होती.

इंद्रायणीचा विचार मात्र मी त्या घाटावरच पहिल्यांदा नीट केला. देहू तिच्या काठी, आळंदी तिच्या काठी. ती इथे भीमेत मिसळते आणि भीमा पंढरपूरला जाते. म्हणजे तुकोबांच्या आणि माउलींच्या पालख्या वर्षातून एकदा ज्या वाटेने पायी निघतात, तिथे इंद्रायणीचे पाणी बारा महिने अखंड पोहोचत असते. आता देहू-आळंदीच्या पाण्यातही वरच्या वस्त्यांचे आणि कारखान्यांचे पाणी उतरते, हेही त्याच घाटावर नाकाला समजले.

पेरणे येथील जयस्तंभ पाहिला. कोरेगावची १ जानेवारी १८१८ ची लढाई याच भीमेच्या काठी झाली आणि ती संगमावरच्या आगीनंतर दोन महिन्यांच्या आत झाली, हे अंतर नदीने मोजले की किती जवळचे वाटते! तिथून शिक्रापूर, न्हावरे करत आम्ही पारगावच्या पुलाकडे वळलो. रांजणगाव सांडसच्या हद्दीत मुळा-मुठा भीमेला मिळते ते ठिकाण शोधायला दोनदा रस्ता चुकलो. शेवटी एका शेतकऱ्याने स्वतःच्या मोटारसायकलवरून पुढे होऊन उसातल्या गाडीवाटेने आम्हांला काठापर्यंत नेले. तिथे ना घाट, ना देऊळ, ना पाटी. एका बाजूने येणारे पाणी हिरवट होते आणि दुसऱ्या बाजूचे काळपट. काही अंतर ती दोन्ही पाणी एकाच पात्रात एकमेकांना न शिवता जात होती आणि मग काळपट रंग सगळीकडे पसरत गेला. बत्तीस वर्षे फळ्यावर लिहिलेले वाक्य माझ्यासमोर वाहत होते.

“कुठून आलात ताई?” त्यांनी विचारले. पुण्याहून म्हटल्यावर ते म्हणाले, “मग हे तुमचंच की.” त्यात टोमणा नव्हता. पुण्याच्या पाण्यामुळे नदी उन्हाळ्यातही आटत नाही, मोटार चालते, ऊस उभा राहतो, गुऱ्हाळे पेटतात, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. त्याचबरोबर, या पाण्यात उतरले की पायांना खाज सुटते, जनावरे तोंड लावायला नाखूश असतात आणि घरात पिण्यासाठी विकतचे जार येतात, हेही सांगितले. “आमच्या वडलांनी ओंजळीनं प्यालेली नदी आहे ही,” असे म्हणून त्यांनी मोटारसायकलला किक मारली आणि चहासाठी घरी येण्याचा आग्रह धरला. चहा गुळाचा होता. मुक्कामाला दौंडला गेलो.

तिसरा दिवस : पेडगाव, सिद्धटेक

पेडगावचा भुईकोट किल्ला भीमेच्या अगदी कडेला आहे. मोगल सुभेदार बहादूरखान कोकलताश याच्या नावावरून तो बहादूरगड म्हणून ओळखला गेला. अलीकडे त्याला धर्मवीरगड म्हणतात. आत यादवकाळातले लक्ष्मीनारायणाचे मंदिर आहे, त्याच्या बाह्य भिंतींवरचे शिल्पकाम भग्न झाले असले तरी जे उरले आहे त्यावरून नजर हलत नाही. नदीकडच्या तटाला हत्तींच्या मोटेची जागा आहे. हत्ती लावून नदीचे पाणी एवढ्या उंचीवर उपसायचे आणि तिथून पन्हळींनी किल्ल्यात खेळवायचे, अशी ती व्यवस्था होती.

पकडलेल्या संभाजी महाराजांना औरंगजेबासमोर आणले गेले ते या बहादूरगडावर, आणि इथून त्यांना तुळापूरकडे, म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला नेण्यात आले. आम्ही काल तुळापूरला होतो आणि आज पेडगावला, म्हणजे त्यांच्या शेवटच्या प्रवासाच्या नेमके उलटे आलो होतो. औरंगजेबाच्या दख्खनमधल्या छावण्या नकाशावर मांडल्या तर अकलूज नीरेवर, बहादूरगड, तुळापूर आणि ब्रह्मपुरी भीमेवर, खवासपूर माणेवर, अशा त्या याच नदीच्या खोऱ्यात सापडतात. लाखोंची छावणी, हत्ती, घोडे, उंट आणि बैल यांना रोज पाणी आणि वैरण लागते, म्हणून साम्राज्यालाही नदी सोडून बसता येत नाही. इतिहासाच्या पुस्तकांत लढाया आणि तह असतात. पाण्याचा हिशेब क्वचितच असतो, आणि तो असावा असे मला मनापासून वाटते.

सिद्धटेकला दुपारी पोहोचलो. अष्टविनायकांपैकी उजव्या सोंडेचा हा सिद्धिविनायक टेकडीवर आहे आणि देऊळ अहिल्याबाई होळकरांनी बांधले. पूर्वी अलीकडच्या काठावरून होडीने यावे लागे, आता पूल आहे. मूर्ती टेकडीशी जोडलेली असल्यामुळे प्रदक्षिणा घालायची तर टेकडीलाच घालावी लागते. भावाने ती घातली. मी खाली पाण्याजवळ बसले.

चौथा दिवस : भिगवण आणि उजनीचा जलाशय

पहाटे साडेपाचला आम्ही कुंभारगावच्या काठावर होतो. धुके इतके दाट होते की होडीचे पुढचे टोक दिसत नव्हते. नावाडी पंचविशीतला मुलगा, मासेमारी करणाऱ्या घरातला. एका लांब बांबूने तळ चाचपत तो होडी पुढे ढकलत होता. उजाडू लागले तसे आधी आवाज आले, मग पाण्यावर फिकट गुलाबी पट्टा दिसू लागला आणि तो पट्टा हलला तेव्हा ते रोहित (फ्लेमिंगो) आहेत हे कळले. शेकडो पक्षी माना पाण्यात उलट्या घालून चिखल गाळत चालले होते. पट्टकदंब हंस हिमालय ओलांडून आलेले. शेकाटे, चित्रबलाक, राखी बगळे, नदीसुरय, आणि एका वठलेल्या झाडावर मासा पायात धरून बसलेला कैकर. ते वठलेले झाड पाण्यात का उभे आहे, असे मी विचारले, तेव्हा नावाड्याने साधेपणाने सांगितले, “ते आमच्या आजोबांच्या बांधावरचं बाभळीचं झाड, मॅडम.”

उजनी धरणाचे काम १९६९ मध्ये सुरू झाले आणि १९८० मध्ये पूर्ण झाले. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या पुण्याच्या चारही धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावते. उजनीत सुमारे ११७ टीएमसी मावते, पण त्यातले ६३ टीएमसीहून अधिक पाणी दरवाजांच्या पातळीखालचे, म्हणजे मृतसाठा आहे. उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत ‘उजनी उणे’ असे मथळे येतात त्याचा अर्थ हा. जलाशयाखाली नदीकाठची गावे गेली, मळईची काळी जमीन गेली, मुंबई-सोलापूर लोहमार्ग हलवावा लागला. पळसदेवचे पळसनाथाचे प्राचीन मंदिरही त्यात गेले. ते एरवी पाण्यात असते आणि दुष्काळी वर्षी वर येते, जसे ते २०२४ च्या उन्हाळ्यात पायथ्यापर्यंत उघडे पडले होते. आम्ही गेलो तेव्हा त्या जागी फक्त पाणी होते आणि नावाड्याने हात लांब करून दिशा दाखवली.

त्याच्या आजोबांनी जमीन गेल्यावर जाळे हातात घेतले. आधी नदीत वाम आणि मरळ मिळायचे, आता जाळ्यात चिलापीच जास्त येते. ती गढूळ आणि घाण पाण्यातही तगते. जलाशयाच्या पाण्याला हिरवी झाक होती. सांडपाण्यातून आणि खतांतून येणारे नत्र आणि स्फुरद या पाण्यात साचते, त्यावर शेवाळ माजते, आणि उन्हाळ्यात पाणी कमी झाले की या हिरव्या रंगाची तक्रार सोलापूर जिल्ह्यात ऐकू येते. भिगवणच्या खानावळीत मासे खाण्यासाठी पुण्याहून रविवारी गाड्यांची रांग लागते. नावाडी म्हणाला, “पुण्याची माणसं येतात म्हणून आमचं चालतं.” त्याच्याशी बोलताना मी शुद्धीकरण केंद्रांचा विषय काढला नाही. त्याला तो माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार, आणि माझ्याकडे त्याला देण्यासारखे उत्तर नव्हते.

दुपारनंतर धरणाची भिंत पाहून नीरा नरसिंहपूरला गेलो. नीरा आणि भीमा यांच्या संगमावरचे नृसिंहाचे मंदिर पुणे जिल्ह्याच्या अगदी शेवटच्या टोकाला आहे. पायऱ्या उतरून नीरेच्या पाण्यात पाय घातले. रात्री पंढरपूर.

पाचवा दिवस : पंढरपूर

इथे भीमा चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून ती चंद्रभागा. खडकवासल्यापासून आमच्या पाण्याचे हे चौथे नाव. मुठा, मुळा-मुठा, भीमा, चंद्रभागा. सकाळी महाद्वार घाटाने वाळवंटात उतरलो. पुंडलिकाच्या देवळापाशी पाणी घोट्याएवढे होते, पलीकडे कोळ्यांच्या रंगवलेल्या होड्या उभ्या होत्या. आषाढीच्या सुमाराला वारकऱ्यांच्या स्नानासाठी उजनीतून पाणी सोडतात. एरवी पात्र असेच रोडावलेले असते.

परभणीकडच्या एक आजी स्नान करून प्लास्टिकच्या कॅनमध्ये पाणी भरत होत्या. कॅन जड झाला म्हणून मी हात लावला. त्यांनी विचारले, “कुठल्या गं तुम्ही?” पुण्याच्या म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. “म्हणजे माउलींच्या शेजारच्या! तिकडनंच येतंय की हे पाणी.” त्यांनी ओंजळभर पाणी घेऊन माझ्यापुढे धरले. मुंढव्याचा फेस आणि पारगावचा काळा प्रवाह मी चार दिवसांत पाहिला होता. त्या पाण्यात काय काय मिसळले आहे याची यादी मला तोंडपाठ होती. आजींना मात्र त्यातली इंद्रायणी दिसत होती, आणि ती खरोखरच त्यात होती. तुळापूरच्या घाटावर ती मिसळताना मी पाहिली होती. मी तीर्थ ओठांना लावले आणि डोळ्यांना लावले, प्याले नाही. आजींच्या ते लक्षात आले असावे. त्या काही बोलल्या नाहीत. कॅनचे झाकण घट्ट लावून त्यांनी तो पिशवीत ठेवला, सुनेसाठी आणि आजारी असलेल्या शेजारणीसाठी. शेजारणीला हे पाणी प्यायला देऊ नका, असे सांगणे माझ्या जिभेवर आले होते. फार चाचरत मी एवढेच म्हणाले की, पाणी उकळून घ्या. “तीर्थ का कुणी उकळतं?” असे त्या सहज म्हणाल्या आणि पायऱ्या चढू लागल्या. ही गोष्ट लिहिताना आजही मला स्वतःची लाज वाटते, आणि ती त्या ओंजळीमुळे नाही. आमच्या घराच्या मोरीतून निघालेल्या पाण्याची काळजी मी साठ वर्षांत कधी केली नाही, म्हणून वाटते.

मंदिरात जाताना नामदेव पायरीपाशी, चोखोबांच्या समाधीपुढे उभी राहिले. चोखोबांना आत प्रवेश नव्हता. हे मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजी १ मे १९४७ पासून पंढरपुरात दहा दिवस उपोषणाला बसले, तेव्हा ते दार उघडले. पाण्याला असा अडथळा कोणी घालू शकले नव्हते. चोखोबांनी ज्या चंद्रभागेत स्नान केले तिथेच इतरांनी केले. दर्शन तासाभरात झाले. हिवाळ्यात गर्दी कमी असते.

सहावा दिवस : माचणूर, कुडल

सकाळी मंगळवेढ्याजवळ माचणूरला गेलो. सिद्धेश्वराचे देऊळ, खाली रुंद घाट आणि जवळच पडका किल्ला. समोरच्या ब्रह्मपुरीच्या परिसरात औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ अशी चार वर्षे होती. इथून हलल्यावर १७०० मध्ये माण नदीकाठी खवासपूरला असताना एका रात्री पूर आला, छावणी वाहून गेली आणि धावपळीत पडून बादशहाचा गुडघा निखळला. तो अखेरपर्यंत लंगडत राहिला. भीमेच्या खोऱ्यातल्या पुराची दहशत आमच्या घराला पिढ्यांपासून ठाऊक आहे, त्यामुळे ही हकीगत वाचल्यापासून ती माझ्या कायम लक्षात राहिली आहे.

सोलापूरच्या दक्षिणेला हत्तरसंग कुडल येथे सीना भीमेला मिळते. पलीकडे कर्नाटक जवळ आले आहे, आणि भीमा इथून पुढे रायचूरजवळ कृष्णेला मिळेपर्यंत तिकडच्या लोकांची. इथल्या हरिहरेश्वराच्या देवळात एकाच शिवलिंगावर ३५९ मुखे कोरलेली आहेत. त्याच्या शेजारी आहे ते, या प्रवासातले दुसरे, संगमेश्वराचे देऊळ. त्याच्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी लेख आहे. तो सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार यांनी उजेडात आणला. ‘वांछितो विजेया होऐवा’, म्हणजे जो हा वाचील तो विजयी होईल. अक्षरे झिजली आहेत. भावाने मोबाइलचा उजेड तिरपा धरला, तेव्हा एकेक अक्षर वर आले आणि आम्ही दोघांनी ते मोठ्याने वाचले. देवळाची झाडलोट करणाऱ्या बाई थांबून ऐकत होत्या. त्यांनी विचारले, “नीट लागलं का?” बहुधा येणारा प्रत्येक जण ते वाचताना अडखळतो.

घाटाच्या खालच्या पायरीवर बसून पाणी पाहिले. सीनेचे आणि भीमेचे पाणी इथे वेगळे ओळखू येत नव्हते. पात्र बऱ्यापैकी भरलेले होते. दोन बायका धुणे धूत होत्या, एक मुलगा म्हशी पाण्यात घालून स्वतः खडकावर झोपला होता. बत्तीस वर्षांच्या सवयीने मी मनात मोजत होते की, आम्ही निघालो त्या दिवशी सकाळी खडकवासल्याखाली वाहत असलेले पाणी आता कुठवर आले असेल. वाटेतले बंधारे आणि उजनीचा एवढा मोठा साठा धरला तर ते अजून भिगवणलाही पोहोचले नसेल. भाऊ वर गाडीपाशी उभा राहून हाक मारत होता. ऊन उतरायच्या आत सोलापूर गाठायचे होते.